चार्ट पेपरवरचं येऊर: सजीव डावीकडे, निर्जीव उजवीकडे, मग पाचोळा कुठे?

शाळा सुरू झाल्या की ठाण्यातल्या बऱ्याच घरांत एक चार्ट पेपर जमिनीवर उलगडतो. विषय ठरलेला: 'राष्ट्रीय उद्यानातील सजीव व निर्जीव घटक'. मधोमध पट्टीने रेघ मारायची, डावीकडे झाड, हरीण, फुलपाखरू, उजवीकडे सूर्य, ढग, दगड, पाणी. रंग भरले की झालं. मार्कही मिळतात.

अडचण येते ती रेघेवर. साग गाळतो ते वाळकं पान कुठे लिहायचं? सांबराचं गळून पडलेलं शिंग? सापाची कात? वाळवीने उभारलेलं वारूळ? गोड्या मसाल्यातलं दगडफूल तर अर्धं बुरशी आणि अर्धं शेवाळ असं जोडीने राहतं, आणि उगवतं दगडावर. पहिल्या पावसात येणाऱ्या मातीच्या वासाला मुलं 'निर्जीव' म्हणतात, पण त्या वासातलं मुख्य द्रव्य, जिओस्मिन, मातीतले जिवाणू तयार करतात. वास निर्जीव, कारखाना सजीव. ही यादी वाढवत नेली की लक्षात येतं, जंगलातली बहुतेक महत्त्वाची कामं त्या रेघेवरच चालतात. म्हणून प्रोजेक्ट करायचाच तर रेघेचा करावा. खाली जे लिहिलंय ते त्यासाठीच, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची म्हणजे येऊरची बाजू डोळ्यांसमोर ठेवून.

आधी दोन गोष्टी चार्टवरून खोडून घ्या. वाघ आणि सिंह. बोरिवलीच्या बाजूला सफारीत दिसतात ते कुंपणातले प्राणी आहेत, या जंगलाच्या अन्नसाखळीत ते नाहीत. इथला वरच्या पायरीवरचा शिकारी बिबट्या. आणि ते त्रिकोणी पाइनचं झाडही खोडा. इथलं जंगल दमट पानझडी आहे: साग, ऐन, कळंब, हेदू, पळस, काटेसावर, पांगारा, मोई, कुंभा, बहावा, ओढ्याच्या कडेने करंज आणि उंबर, उतारांवर कारवी. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी फुटलेली असते, ती एकदा पाहिली की मूल दुसरं झाड ओळखायला शिकलं नाही तरी ऐन विसरत नाही.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून आणायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा परिसर येतो. पान, बी, पीस, मूठभर माती, 'एवढासा तर दगड' हे सगळं त्यात आलं. प्रोजेक्टला चिकटवायला बहाव्याची शेंग हवी असेल तर ती रस्त्याकडेच्या किंवा सोसायटीतल्या झाडाखाली मिळते. जंगलात जाऊन बघायचं, मोजायचं, लिहायचं, आणि खोदाखोद, ओतणं, कुजवणं हे प्रयोग सोसायटीच्या बागेत करायचे. गेटवर नोंद करून दिवसाउजेडीच जायचं. पावसाळ्यात ओढ्या-धबधब्यांकडे बंदीचे फलक लागतात, ते शोभेचे नसतात. डोंगरावर पडलेला पाऊस खालच्या ओढ्यात काही मिनिटांत पोचतो. खाली ऊन असताना पाणी चढलेलं असू शकतं.

आता दगड.

येऊरचा सगळा डोंगर ज्वालामुखीचा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर साचले, त्याच काळातला हा खडक. बहुतेक ठिकाणी काळा बसाल्ट, कान्हेरीला ज्वालामुखीच्या फुटलेल्या तुकड्यांचा एकजीव झालेला खडक. कान्हेरीचं मूळ नाव कृष्णगिरी, काळा डोंगर, यात सगळं आलं. बसाल्टची एक खोड लक्षात ठेवा: सलग दगडातून पाणी जवळजवळ झिरपत नाही, भेगांतून मात्र पळतं. त्यामुळे या जंगलात पाणी 'सगळीकडे थोडं थोडं' मुरत नाही. जिथे भेग आहे, मातीचा खिसा आहे, तिथे मुरतं, बाकीचं वाहून जातं. लेणी खोदणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी डोंगरभर पन्हाळी कोरून पाणी खडकातल्या टाक्यांत उतरवलं, कारण चार महिने धो धो आणि आठ महिने कोरडं हे वेळापत्रक तेव्हाही तेच होतं.

या दगडाची माती होते कशी, ते येऊरच्या रस्त्याकडेला जिथे डोंगर कापलाय तिथे उभं चित्र काढल्यासारखं दिसतं. सगळ्यात खाली घट्ट काळा खडक. त्यावर गोल गोल धोंडे, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. त्यावर मुरूम. वर वीतभर, कुठे हातभर, तांबूस-तपकिरी माती. सगळ्यात वर पाचोळा. हा उभा काप वहीत काढून प्रत्येक थराची जाडी वर न चढता, लांबूनच, अंदाजे लिहिली तरी चालते. शेजारी कोणीतरी हातभर मापाची काठी धरून उभं राहिलं की अंदाज बराच नीट येतो. एक सेंटिमीटर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. उतारावरून ती जायला एक पावसाळा पुरतो.

आणि दगडाची माती फक्त ऊन-पाऊस करत नाहीत. आधी दगडफूल बसतं, त्यातून निघणारी आम्लं दगडाचा पृष्ठभाग पोखरतात. त्या खरखरीत जागेत धूळ अडकते, शेवाळ धरतं, मग गवत. भेगेत पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचं किंवा वडाचं बी पडतं आणि मूळ जाड होत होत दगड फोडतं. मुळं श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो पाण्यात विरघळून सौम्य आम्ल होतं, तेही खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह मोकळं करतं. तेच कॅल्शियम पानात जातं, पानातून चितळात, चितळाच्या शिंगात. शिंग गळतं, साळिंदर ते कुरतडतं, कारण त्यालाही कॅल्शियम-फॉस्फरस हवं असतं. चार्टवर दगडापासून साळिंदरापर्यंत एक बाण काढता येतो, आणि तो खरा असतो.

आठ महिने कोरडे आणि माती उथळ, म्हणून इथली झाडं पानं गाळतात. जानेवारी-फेब्रुवारीपासून मातीतला ओलावा संपत येतो आणि पान म्हणजे पाणी उडवायचा सांडवा. झाड तो बंद करतं. गंमत अशी की त्याच निष्पर्ण दिवसांत पळस, पांगारा, काटेसावर फुलतात: पानांचा आडोसा नाही, लाल-केशरी फूल लांबून दिसतं, पक्षी येतात. उंबर मात्र ओढ्याची ओल धरून राहतो आणि इतर झाडं रिकामी असताना फळतो. हरियाल, तांबट, वटवाघळं, माकडं सगळ्यांची त्या दिवसांतली खानावळ तीच. कोरड्या महिन्यांत उंबराखाली पंधरा मिनिटं गप्प उभं राहणं हे अर्धा दिवस भटकण्यापेक्षा जास्त देऊन जातं.

पावसाचा हिशोब मुलांकडून करून घ्या, आकडा त्यांना आवडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. उद्यानाचं क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर, म्हणजे १०.४ कोटी चौरस मीटर. या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गुणाकार केला की २६,००० कोटी लिटर येतात. यातलं काही पानांवरूनच उडून जातं, काही मुळं पितात, काही भेगांत उतरतं, काही विहार आणि तुळशी तलावांत साठतं. विहार १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये, आणि दोन्ही उद्यानाच्या हद्दीतच आहेत. उरलेलं ओढ्यांतून खाडीला. 'जंगल ऑक्सिजन देतं' हे वाक्य चार्टवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. ते चूक नाही, पण जुनं जंगल जवळपास जेवढा ऑक्सिजन बनवतं तेवढाच स्वतःच्या श्वासात आणि कुजण्यात खर्चूनही टाकतं. ठाणेकरांवरचे त्याचे खरे उपकार पाणी धरून ठेवण्याचे आणि माती जागेवर ठेवण्याचे आहेत.

झाड पाऊस किती अडवतं हे मोजता येतं. सरळ बाजूची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवा. कापलेल्या रुंद तोंडाचा व्यास १० सेंमी असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी, म्हणजे १ मिमी पाऊस बरोबर ७.८५ मिली पाणी. जमलेलं पाणी औषधाच्या मापाने मोजून ७.८५ ने भागा. बाटलीवर पट्टी चिकटवून थेट वाचू नका, तळ गोलसर असतो आणि पहिले दहा-पंधरा मिलिमीटर हमखास चुकतात. एक बाटली उघड्यावर, पाच सोसायटीतल्या एखाद्या डेरेदार झाडाखाली. पाचच का? कारण पानांच्या टोकांवरून पाणी ठरावीक जागी गळतं. एकच बाटली नेमकी धारेखाली आली तर झाडाखाली उघड्यापेक्षा जास्त पाऊस पडल्याचा 'शोध' लागतो. पाचांची सरासरी काढा. हलक्या सरीत झाड मोठा वाटा अडवतं, संततधारेत पानं एकदा भिजली की फरक कमी कमी होत जातो. हा बदल दिसला की प्रयोग जमला.

जमीन पाणी किती पिते त्यासाठी हार्डवेअरवाल्याकडून चार इंची पीव्हीसी पाइपचा १५ सेंमीचा तुकडा कापून आणा. बागेत ५ सेंमी आत ठोका, वर फळी ठेवून, म्हणजे पाइप फुटत नाही. आत साधारण ४०० मिली पाणी ओतलं की ५ सेंमी उंची होते. ते मुरायला लागलेला वेळ लिहा. लगेच पुन्हा ओता, पुन्हा लिहा, आणि तिसऱ्यांदाचा वेळ खरा धरा, कारण पहिल्यांदा कोरडी माती अधाशासारखं पिते. एकदा पाचोळ्याखालच्या मऊ जमिनीत आणि एकदा जिथून माणसं रोज चालतात त्या पायवाटेवर करा. पाणी काही सेकंदांत गायब झालं तर खूश होऊ नका, बहुधा पाइपच्या कडेने पळालंय. कडेची माती बोटाने दाबून परत सुरुवात करा. पायवाटेवरचं पाणी तासभर तसंच दिसलं तर मात्र प्रयोग बिघडलेला नाही, वाट खरंच तेवढी दडपलेली असते. जंगलात नव्या वाटा पाडू नका असं वनखातं सांगतं त्यामागचं एक कारण हे.

उष्णता आणि प्रकाश थोडक्यात. थर्मामीटर उन्हात धरला तर तो हवेचं नाही, स्वतःचं तापमान दाखवतो. सावलीत, छातीच्या उंचीवर, बल्बला हात न लावता, पाच मिनिटांनी वाचा. मे महिन्यात उघडा काळा कातळ भोवतालच्या हवेपेक्षा सहज १५-२० अंशांनी जास्त तापतो, पाचोळ्याखालची माती त्याच वेळी हवेपेक्षा थंड असते. सरडा कातळावर आणि गांडूळ पाचोळ्याखाली का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. ओढ्याच्या पाण्याचंही तापमान घ्या: २० अंशांचं पाणी लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, ३० अंशांचं साडेसात. डोह उथळ आणि तापलेला झाला की मासे वर येऊन तोंड का उघडतात ते कळतं. मोबाइलच्या लक्स म्हणजे उजेड मोजणाऱ्या अ‍ॅपचे आकडे फोनगणिक बदलतात, म्हणून एकाच फोनने, एकाच बाजूला तोंड करून, फक्त तुलना करा.

काळोख हाही निर्जीव घटक आहे, हे चार्टवर कोणी लिहीत नाही. पावसाच्या तोंडावर काजवे लुकलुकतात ते जोडीदार शोधायला. शेजारी खेळाच्या टर्फ मैदानांचे झोत लागले की ती भाषाच पुसली जाते. पतंग दिव्याभोवती थकून मरतात, आणि पतंगांवर जगणारी वटवाघळं, रातवे यांचं वेळापत्रक बिघडतं. २०१६ मध्ये उद्यानाभोवतीचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. उजेडाला मात्र अधिसूचना वाचता येत नाही.

घोडबंदर रोडच्या पलीकडे, खाडीला लागून, उद्यानाचा नागला भाग आहे. एकाच राष्ट्रीय उद्यानात डोंगर आणि भरती-ओहोटी दोन्ही सापडणं दुर्मीळ, आणि ठाण्याच्या मुलांना ते बसच्या अंतरावर आहे. इथे निर्जीव घटकांची यादी पार बदलते: मीठ, चिखल, आणि सुमारे साडेबारा तासांनी परत येणारी भरती. चिखलात हवा शिरत नाही, म्हणून तिवर हे खारफुटीचं झाड पेन्सिलीसारखी मुळं वर काढून श्वास घेतं. पानातून जादा मीठ बाहेर टाकतं, कोरड्या दिवशी पानाच्या पाठीवर बोट फिरवलं तर कणी हाताला लागते. तो सडक्या अंड्याचा वास घाणीचाच असतो असं नाही. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात, त्याचा तो वायू. म्हणजे वासाच्या बाबतीत पुन्हा तीच तऱ्हा.

बिबट्याकडे येऊ, कारण त्याच्याशिवाय कोणी चार्ट स्वीकारत नाही. पुस्तकातली साखळी गवत, चितळ, बिबट्या अशी. पायरीगणिक दहा टक्के ऊर्जा वर जाते हा ढोबळ नियमही लिहा, पण ढोबळ म्हणूनच. इथली दुसरी साखळी मात्र जंगलाच्या बाहेर सुरू होते: उघडी कचराकुंडी, त्यावर भटकी कुत्री आणि डुकरं, त्यांच्या मागे बिबट्या. जंगलाच्या कडेला बिबट्या दिसला की पिंजरा लावा अशी मागणी होते. एक पकडला तर मोकळ्या जागेत दुसरा येतो, कुंडी तिथेच असते. ज्या पाड्यांवर वारली पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला पुजत आलेत, तिथे हा शेजार नवीन नाही. चार्टवर माणूस डावीकडेच काढा, कचरा रेघेवर.

कारवी आठ वर्षांनी फुलते. २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्ये फुलली. फुलून बी धरलं की झुडूप वाळतं आणि अख्खा उतार काड्यांचा होतो. जमिनीवर एकदम ऊन पोचतं, दुसऱ्या रोपांना संधी मिळते, आणि घाणेरी, रानमोडी या बाहेरून आलेल्या तणांनाही. उन्हाळ्यात ही वाळकी कारवी आणि पाचोळा म्हणजे तयार सरपण. वनखातं आधीच जाळरेषा काढून ठेवतं, म्हणजे ठरावीक पट्ट्यातला पाचोळा मुद्दाम काढून वणव्याची वाट तोडतं. रस्त्याकडेने असे साफ पट्टे दिसले तर ती झाडलोट नव्हे. वणवा गेलेल्या जागी पहिल्या पावसात सुपीक राख आणि सुटी माती एकदमच वाहून जाते. राखेने जमीन कसदार होते हे अर्धंच खरं.

राहिला पाचोळा, आणि खरं काम त्यातच आहे. दोन लिटरच्या बाटलीचं नरसाळं करा, तोंडाशी दोन-तीन मिमी भोकांची जाळी, त्यावर सोसायटीच्या बागेतला ओलसर पाचोळा चार बोटं. खाली बरणीत ओला कापूस. वर साधारण १५ सेंमीवर जुना तारेचा ४० वॅटचा बल्ब, लहान मुलांच्या हाताबाहेर आणि पाचोळ्याला न टेकणारा. एलईडी चालत नाही, तो तापत नाही. एक-दोन दिवसांत वरून पाचोळा वाळत येतो आणि आतले जीव ओलीकडे खाली सरकत बरणीत पडतात: बारीक कोळी, टुणकन उडणारे पांढुरके किडे, पैसा, मुंग्या, अळ्या. बरणी रिकामी राहिली तर बहुतेक वेळा बल्ब फार जवळ होता आणि सगळे वाटेतच वाळले. बघून झालं की बागेत सोडून द्या.

आणि जूनमध्ये दोन पिशव्या भरून ठेवा. एक डासांच्या जाळीची, एक कांद्याच्या जाळीच्या पिशवीची. प्रत्येकीत चार दिवस उन्हात वाळवून वजन स्थिर झालेली १० ग्रॅम पानं, दोन्हींत एकाच झाडाची. कांद्याच्या जाळीची भोकं मोठी, म्हणून पानं अख्खी किंवा मोठे तुकडे ठेवा, नाहीतर भरतानाच निम्मी सांडतील. दोन्ही बागेत मातीला टेकवून, वर दगड ठेवून, नावाची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आत घाला, कारण शाई पावसात टिकत नाही. डासांच्या जाळीत बुरशी आणि जिवाणू जातात, गांडुळं आणि वाळवी नाही. कांद्याच्या जाळीत सगळे जातात. ऑक्टोबरात काढा, चिकटलेली माती हलक्या पाण्याने धुवा, परत चार दिवस वाळवा आणि तोला. न धुता तोलल्यास कधी कधी पिशवी १२ ग्रॅम भरते आणि पान कुजण्याऐवजी वाढलं असं निघतं. दोन वजनांतला फरक म्हणजे गांडुळं-वाळवीचं काम. तो आकडा रेघेवर लिहा, दोन्ही बाजूंना थोडा थोडा येईल असा.